वृद्धाश्रमातली मैफल आणि म्हातारे कान

"आजोबा, चहा ठेवलाय."

"अं?"

"चहा ठेवलाय!"

"काय म्हणतोस? जरा मोठ्याने बोल की!"

"च-हा ठे-व-ला-य!"

"अरे, ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?"

हा संवाद ज्या घरात कधी झाला नाही असे घर विरळाच. आपण हसतो आणि आजोबांचा स्वभावच तसा आहे असे म्हणून सोडून देतो. पण यात स्वभावाचा भाग फार थोडा आहे. आजोबांना हळू बोललेले ऐकू येत नाही, ही गोष्ट खरी. आणि थोडे मोठ्याने बोलताच ते त्यांना ओरडल्यासारखे वाटते, ही गोष्टही तितकीच खरी. या दोन्ही गोष्टी एकाच कानात कशा नांदतात, हे कोडे मला एका वृद्धाश्रमात फजिती झाल्यावर नीट सोडवावे लागले.

झाले असे की, आमच्या महाविद्यालयातल्या सात-आठ मुला-मुलींनी एका वृद्धाश्रमात जाऊन गाणे-बजावणे करायचे ठरवले. कोणी पेटी वाजवणारा, कोणी तबला, एक मुलगी छान गाणारी, एकजण बासरीवाला. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि गाणे ऐकण्यापलीकडे मला त्यातले फारसे कळत नाही. पण सोबत कोणीतरी मोठे माणूस हवे म्हणून मला घेतले. ऐकणारे वृद्ध आहेत, त्यांना कमी ऐकू येते, तेव्हा आवाज मोठा हवा, असा सरळ हिशेब आम्ही केला. ॲम्प्लिफायर, दोन लाउडस्पीकर, तीन मायक्रोफोन असा सरंजाम टेम्पोत घालून नेला आणि प्रार्थनेच्या दालनात मांडला.

पाचच मिनिटांत चुळबूळ सुरू झाली. मध्येच मायक्रोफोन लाउडस्पीकरच्या तोंडासमोर आला आणि ती ओळखीची किंचाळी उठली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातले श्रवणयंत्र काढून खिशात टाकले आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. दोन आजी उठून आपल्या खोलीत गेल्या. परत येताना मुले हिरमुसली होती. "त्यांना गाणं आवडतच नाही, सर," असे एकजण म्हणाला. पुन्हा जायचे की नाही यावर चर्चा झाली आणि जाऊ नये असेच मत बहुतेकांचे पडले.

गाणे न आवडण्याचा तो प्रकार नव्हता. आम्ही जे वाजवत होतो आणि त्यांच्या कानात जे पोचत होते, ते एकच नव्हते.

गाल्टनची शिट्टी

ध्वनी म्हणजे कंपने. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंपनसंख्या किंवा वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो असेही पुस्तकात असते. पण हा वरचा आकडा तरुण, निरोगी कानाचा आहे. ऐन पस्तिशीतही तो बराच खाली आलेला असतो, आणि साठीनंतर दहा-बारा हजारांच्या वरचे बहुतेकांना ऐकू येत नाही.

ही गोष्ट नवी नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक बारीकशी शिट्टी बनवली होती. तिच्या नळीची लांबी स्क्रूने कमी-जास्त करता येई. नळी जितकी आखूड, तितकी कंपनसंख्या मोठी. ही शिट्टी त्याने हातातल्या काठीच्या टोकाला बसवली होती, आणि प्राणिसंग्रहालयात जाऊन जनावरांच्या कानाशी ती वाजवून कोण दचकते हे तो पाहात असे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने माणसांवरच्या प्रयोगाचीही गंमत सांगितली आहे. वेगवेगळ्या वयांची मंडळी जमली असता तो शिट्टी वाजवी. तरुणांना ती स्पष्ट ऐकू येई आणि वयस्करांना मुळीच येत नसे. आपल्या ऐकण्यात काही उणे आहे हे त्या वयस्कर मंडळींना बिलकूल मान्य नसे!

कानात हे कुठे घडते? कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकल्या हाडांची साखळी आहे, आणि तिच्यापलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी. तिला कर्णावर्त म्हणतात. उलगडली तर ती जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. आत द्रव असतो आणि लांबीभर एक पातळ पापुद्रा पसरलेला असतो. जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरीतल्या भौतिकीविज्ञाने मृत माणसांच्या कर्णावर्तात सूक्ष्मदर्शकाने पाहून दाखवले की, ध्वनी आत शिरला की या पापुद्र्यावरून एक लाट पुढे सरकत जाते. स्वर उंच असेल तर लाट दाराजवळच सर्वांत मोठी होऊन विरते. स्वर खालचा असेल तर ती थेट शेवटच्या वेढ्यापर्यंत जाते. म्हणजे पेटीच्या पट्ट्या जशा ओळीने मांडलेल्या असतात, तसे स्वर कर्णावर्तात ओळीने मांडलेले आहेत. बेकेशी तेव्हा टेलिफोन खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. टेलिफोन सुधारायचा तर आधी कान कसा चालतो ते कळले पाहिजे, असे त्याला वाटले, आणि या कामाबद्दल १९६१ साली त्याला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पापुद्र्यावर केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा आहेत. आतल्या रांगेत एका कानात सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार. एखाद्या मोठ्या खेडेगावाच्या लोकवस्तीइतक्याच पेशींवर आपले सारे ऐकणे चालते! पक्ष्यांमध्ये या पेशी मेल्या तर नव्या उगवतात. माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत. गेली ती गेली. आणि वयाबरोबर प्रथम जातात त्या दारापाशी बसलेल्या, म्हणजे उंच स्वरांच्या पेशी.

साठ की आठ?

आता तुम्ही म्हणाल, दहा हजार हर्ट्झच्या वर गाणे असतेच कुठे? पेटीचा वरचा सुरदेखील दीड-दोन हजारांच्या आतच असतो. मग वृद्धांचे नुकसान काय झाले?

एक तर, वय ऐंशीच्या पुढे गेले की पीछेहाट दहा हजारांवर थांबत नाही. पुष्कळांच्या बाबतीत दोन-तीन हजारांच्या वरचा ध्वनीही बराच मोठा केल्याशिवाय पोचत नाही. दुसरे म्हणजे, बोलण्यातली व्यंजने. अ, आ, ओ हे स्वर आपण घशातल्या तंतूंच्या कंपनाने काढतो. त्यांची बरीचशी ऊर्जा हजार-दीड हजार हर्ट्झच्या आत असते. स, श, फ, ठ ही व्यंजने म्हणजे दात, जीभ, ओठ यांतून निसटणारी हवा. त्यांचा आवाज मुळात दुबळा, आणि 'स'चा तर मुख्य भाग चार हजारांच्या वर. तेव्हा वृद्ध कानात शब्दाचे स्वर शिरतात आणि व्यंजने उंबरठ्यावरच राहतात. 'साठ' म्हटले तर 'आठ' ऐकू येते. भाजीवाल्याशी होणारे पुष्कळसे तंटे याच एका 'स'पायी होत असावेत.

जुन्या टेलिफोनवर फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच ध्वनी पाठवला जाई. त्यावर बोलणे समजे, पण अनोळखी नाव सांगताना 'स सशातला' असे फोडून सांगावे लागे. वृद्ध माणूस चोवीस तास असाच टेलिफोनवर असतो असे समजा.

गाण्यात याचा परिणाम असा की, सूर पोचतो, शब्द पोचत नाही. मुलांनी पहिल्या दिवशी दोन नवीन, स्वतः चाल लावलेली गाणी निवडली होती. गाणी चांगली होती. पण ऐकणाऱ्यांना ती परक्या भाषेतल्यासारखी वाटली असतील. शब्द आधीपासून पाठ असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे गळालेली व्यंजने मेंदू स्वतःच भरून घेतो.

वाद्यांच्या बाबतीतही असेच. तंबोऱ्याची सारी खुमारी जवारीत असते. घोडीवर तार घासत राहिल्याने उंच उपस्वरांची रांगच्या रांग उमटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यात असताना वीणा-तंबोऱ्याच्या या घोडीवर लेख लिहिला होता. पण हे उंच उपस्वर म्हाताऱ्या कानाला दिसतच नाहीत म्हणा ना! त्याला तंबोरा बोदा लागतो. स्वरमंडळ, घुंगरू, मंजिऱ्या यांचेही तसेच.

तबल्याचे मात्र नशीब चांगले. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी बेहिशेबी प्रमाणात असतात, म्हणून ढोलातून सूर नीट निघत नाही. तबल्याच्या मधोमध शाई चढवली की कातड्याची कंपने सरळ प्रमाणात येतात, हेही रामन यांनीच १९२० साली एका सहकाऱ्याबरोबर 'नेचर' या नियतकालिकात दाखवले. मूळ स्वर आणि उपस्वर मिळून पाच, आणि त्यांचे प्रमाण १, २, ३, ४, ५ असे. मूळ कंपन २०० हर्ट्झचे असेल तर पाचवे १,००० हर्ट्झचे. म्हणजे तबल्याचा सूर जवळजवळ सगळाच्या सगळा म्हाताऱ्या कानाच्या शाबूत भागात मावतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी जी काही दाद मिळाली ती तबलजीला मिळाली, याचे कारण मला मागाहून उमगले. अर्थात तबलजीचे मत वेगळे आहे.

खिडकी अरुंद होते

आता आजोबांच्या चहाच्या कोड्याकडे वळू.

ध्वनीची तीव्रता डेसिबेलमध्ये मोजतात. दर १० डेसिबेलला ऊर्जा दसपट होते. तरुण कानाला शून्याच्या आसपासचा ध्वनी कसाबसा ऐकू येतो, एक मीटरवरचे साधे बोलणे ६० च्या सुमारास असते, आणि १०० च्या आसपास ध्वनी नकोसा होऊ लागतो. म्हणजे ऐकण्याची खिडकी शंभर डेसिबेल उंचीची झाली.

कर्णावर्तातल्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी नुसत्या ऐकत नाहीत. मंद ध्वनी आला की त्या स्वतः लांब-आखूड होऊन पापुद्र्याची हालचाल वाढवतात. कानातला तो जिवंत ॲम्प्लिफायरच आहे. मोठ्या ध्वनीला त्यांच्या मदतीची गरज नसते. आता या पेशी गेल्या तर काय होईल? मंद ध्वनी ऐकू येईनासा होईल. मोठा ध्वनी मात्र पूर्वीइतकाच मोठा भासेल. समजा, आजोबांची खालची मर्यादा शून्यावरून ५५ डेसिबेलपर्यंत चढली. वरची मर्यादा आहे तिथेच, शंभरावर. खिडकी शंभराऐवजी पंचेचाळीस डेसिबेलची उरली. 'ऐकू येत नाही' आणि 'ओरडू नकोस' यांच्यामधले अंतर निम्म्यावर आले! तुम्ही चहासाठी आवाज थोडासा चढवला, तो खिडकीच्या तळाखालून एकदम तिच्या माथ्याशी गेला.

लाउडस्पीकरने आम्ही नेमके हेच केले होते. आमचा तबलजी हलक्या बोटांपासून जोरकस थापेपर्यंत सगळे वाजवत होता. त्यातले हलके खिडकीत आणायचे म्हणून आवाज वाढवला, तर थाप खिडकीबाहेर गेली.

श्रवणयंत्र काढून ठेवणाऱ्या आजोबांचेही बरोबरच होते. श्रवणयंत्र हे मुख्यतः बोलण्यासाठी बनवलेले असते. हलका ध्वनी जास्त वाढवायचा आणि मोठा कमी, अशी त्याची रचना असते. गाण्यातले चढ-उतार त्यात चेपले जातात. शिवाय यंत्राची स्वतःची शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक बंदोबस्त केलेला असतो: लांबलेला, एकसुरी, उंच स्वर दिसला की ती शिट्टी समजून यंत्र तो पुसू पाहते. बासरीचा लांबवलेला सूर आणि यंत्राची शिट्टी यांतला फरक बिचाऱ्या यंत्राला कधी कधी कळत नाही, आणि सूर लटपटू लागतो. काही यंत्रांत संगीतासाठी वेगळी कळ असते. ती आहे का, हे विचारून घ्यावे.

भिंतींचे गाणे

तरीही एक प्रश्न राहतोच. खिडकी अरुंद असली तरी आवाज बेताचा ठेवून लाउडस्पीकर लावला तर काय बिघडले?

त्या दालनाची मापे आम्ही दुसऱ्या खेपेला घेतली. लांबी १२ मीटर, रुंदी ८, उंची साडेतीन. म्हणजे आकारमान ३३६ घनमीटर. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भोवती गुळगुळीत गिलावा. अशा जागी टाळी वाजवली की ती घुमत राहते. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन नावाचा तरुण अध्यापक होता. १८९५ साली त्याच्यावर एक व्याख्यानगृह सुधारण्याची कामगिरी आली. त्या गृहात वक्त्याचा शब्द इतका वेळ घुमे की पुढचा शब्द त्यात बुडून जाई. सॅबाइनने शेजारच्या नाट्यगृहातून बैठकीच्या उशा उचलून आणल्या आणि रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर ऑर्गनची नळी वाजवून, किती उशा टाकल्या म्हणजे निनाद किती सेकंदांनी घटतो, हे मोजले. त्यातून एक सोपे सूत्र निघाले. घनमीटरमधल्या आकारमानाला ०.१६१ ने गुणावे आणि शोषणाने भागावे, की निनाद विझायला लागणारे सेकंद मिळतात. शोषण मोजण्याचे त्याचे एककही गमतीचे आहे: एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक. खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून ती पूर्ण शोषक.

आता गणित करा. आमच्या दालनाच्या भिंती, फरशी, छत मिळून क्षेत्रफळ ३३२ चौरस मीटर. असा कठीण पृष्ठभाग शेकडा तीनच ध्वनी शोषतो, म्हणजे शोषण सुमारे १०. रिकाम्या दालनाचा निनाद ५४ भागिले १०, म्हणजे ५.४ सेकंद! चाळीस माणसे बसली, दर माणशी ०.४ धरले, तर शोषण २६ आणि निनाद सुमारे दोन सेकंद. गाण्यातले एक अक्षर अर्ध्या सेकंदाचे धरले तरी मागची चार अक्षरे खोलीत अजून फिरत असतात. तरुण कान त्यातूनही वाट काढतो. व्यंजने हरवलेला कान काढू शकत नाही.

इथेच लाउडस्पीकरचा फोलपणा कळतो. ऐकणाऱ्याकडे दोन ध्वनी येतात: एक वादकाकडून थेट आलेला आणि एक भिंतींवरून घुमून आलेला. थेट ध्वनी अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबेलने घटतो. एक मीटरवरून आठ मीटरवर गेलो तर १८ डेसिबेलने. घुमलेला मात्र दालनभर सारखाच पसरलेला असतो. आमच्या दालनात एक मीटरच्या आतच घुमलेला ध्वनी थेट ध्वनीवर मात करतो, असा हिशेब निघाला. दूर ठेवलेल्या लाउडस्पीकरने दोन्ही ध्वनी सारखेच वाढतात. त्यांचे प्रमाण आहे तेच राहते. प्रमाण बदलायचे तर जवळ जाऊन बसणे हा एकच रामबाण उपाय, आणि त्याला विजेचे बिल येत नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही लाउडस्पीकर नेला नाही. आश्रमातूनच गोधड्या आणि चादरी मागून घेतल्या आणि दोन भिंतींवर दोऱ्या बांधून दुपदरी लटकवल्या. बारा चौरस मीटर झाल्या, त्यांचे शोषण सहा धरू. बागेकडच्या चार खिडक्या उघडल्या, त्यांचे आणखी सहा. रस्त्याकडच्या बंद ठेवल्या, नाहीतर निनाद जायचा आणि एस.टी.चा कर्णा यायचा. शोषण ३८, निनाद १.४ सेकंद. खुर्च्यांच्या रांगा मोडल्या आणि मंडळींना तीन-चार छोट्या वर्तुळांत बसवले. वादक दर दोन गाण्यांनी एका वर्तुळातून दुसऱ्यात जाऊन बसत. चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसायचे, खिडकीकडे पाठ करायची नाही, हेही ठरवले. कारण कान उणे पडला की माणूस नकळत ओठ वाचू लागतो. पंखा मात्र बंद करता आला नाही. वैशाख होता.

कोणती गाणी?

दुसरी चूक निवडीतली होती. मुलांच्या मनात 'जुने' म्हणजे सगळे एकाच गाठोड्यातले. त्यांनी नाट्यपदे बसवली होती. आज ऐंशी वर्षांच्या असलेल्या आजी १९४५ च्या आगेमागे जन्मलेल्या. नाटक मंडळ्यांच्या सुवर्णकाळातली पदे ही त्यांच्या आई-वडिलांची गाणी! माणसाला साधारण दहाव्यापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी अधिक दाट राहतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. तेव्हा वयातून पंधरा-वीस वर्षांचे माणूस वजा करून पाहावे. या आजींची गाणी रेडिओवरची: पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली दर आठवड्याला नवे प्रसारित झालेले गीतरामायण, १९५२ पासून सिलोनवरून ऐकू येणारी बिनाका गीतमाला. शिवाय भूपाळ्या, ओव्या, आरत्या, ज्यांना साल लागत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत हे फार आश्चर्यकारक रीतीने दिसते. क्लाइव्ह वेअरिंग हा इंग्रज संगीतज्ञ १९८५ साली मेंदूच्या संसर्गाने आजारी पडला आणि त्याची स्मृती अशी गेली की काही सेकंदांपूर्वीचेही आठवेना. पण पियानोसमोर बसवले की तो वाजवी, आणि गायकवृंदाचे संचालनही करी. लाइपझिगमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले की, फार पूर्वीपासून ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते अल्झायमरच्या रोगात इतर भागांच्या मानाने बरेच उशिरापर्यंत शाबूत राहतात. आमच्या आश्रमातल्या एका आजी मुलाला ओळखत नाहीत. त्याला 'तुम्ही कुणाकडे आलात?' असे विचारतात. त्यांनी एक अख्खे गाणे, तिन्ही कडव्यांसह, आमच्या मुलीबरोबर म्हटले. गाणे संपल्यावर मुलाला ओळखले का, असे मला पुष्कळांनी विचारले. नाही ओळखले.

हे मुद्दाम सांगतो, कारण अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक रागाने स्मृती परतते, असे छापून येत असते. काळजीपूर्वक केलेले प्रयोग एकत्र मांडून पाहिले तर इतकेच दिसते की, स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांची उदासी संगीताने बहुधा थोडी कमी होते. गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही. उदासी कमी होणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण तिला औषधाचे नाव देऊ नये.

पट्टी उतरवली

ध्वनिमुद्रिका लावली तर हेच साधणार नाही का, असे एका मुलाने विचारले. मोबाइलवर हवी ती गाणी सापडतात, मग आपण कशाला जायचे? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तिसऱ्या खेपेला आपोआप मिळाले.

गाणारी मुलगी काळी चारमध्ये गाते. तिथे मध्य षड्ज २०८ हर्ट्झचा, तार षड्ज ४१५ चा. आज्या तिच्याबरोबर म्हणू लागल्या की अंतऱ्याला सगळ्या गप्प व्हायच्या. लाजत असतील असे आम्हाला वाटले. पेटीवाल्याच्या ध्यानात आले की, तार षड्ज जवळ आला की त्या थांबतात. उतारवयात बायकांचा आवाज खाली उतरतो; घशातले स्वरतंतू जाड होतात आणि जाड तार हळू कंप पावते. त्याने काही न बोलता पुढचे गाणे पांढरी चारमधून धरले. तीन पट्ट्या खाली, तार षड्ज ३४९ हर्ट्झ. अंतरा आला आणि खोली एकदम भरून आली. लयही त्याने थोडी धिमी केली, कारण श्वास पुरत नव्हता. मुलीला खर्जात जरा अवघड गेले. तिने कुरकुर केली नाही.

ध्वनिमुद्रिका समोर बसलेल्या माणसाकडे पाहात नाही. आजींनी भुवई उंचावली, मान वळवली, हात कानाशी नेला, तर तिला ते कळत नाही. वादकाला कळते, आणि तो थाप हलकी करतो, झांज बाजूला ठेवतो, पट्टी उतरवतो, थांबतो. यंत्रशास्त्रात याला पुनःप्रदाय म्हणतात: झालेल्या परिणामाची खबर मागे जाऊन कारणात दुरुस्ती करणे. अट एवढीच की वादकाने डोळे मिटून वाजवू नये. आमच्या बासरीवाल्याला ही सवय सोडायला महिना लागला.

तुम्हाला कुठे वाजवायला जायचे असेल तर आधी घरच्या आजी-आजोबांवर एक छोटा प्रयोग करून पाहा. मोबाइलवर ठरावीक कंपनसंख्येचा ध्वनी काढणारी सोय मिळते. शांत खोलीत, दोन हातांवरून, आवाज बेताचा ठेवून ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झचे स्वर ऐकवा आणि कुठे ऐकू येईनासे होते ते टिपून ठेवा. शेजारी तुमचेही आकडे टिपा. मोबाइल कानाला लावू नका. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे, आणि आकड्यांवरून आजोबांना चिडवायचे तर मुळीच नाही. मग त्यांच्याकडे पाठ करून 'साठ, आठ, सात, पाठ' असे शब्द उलटसुलट म्हणा आणि काय ऐकू आले ते विचारा; नंतर समोर बसून पुन्हा म्हणा. फरक किती पडतो ते पाहून तुम्ही चकित व्हाल.

आणखी काही बारीक गोष्टी. चाळीस मिनिटांहून अधिक वाजवू नये. अरुंद खिडकीतून ऐकणे हे कष्टाचे काम आहे, त्याने माणूस दमतो. ज्यांना यायचे नाही त्यांना आणू नये. अंथरुणाला खिळलेल्यांकडे दोघांनीच जावे, आधी विचारावे, आणि एक वाद्य पुरे.

ते श्रवणयंत्रवाले आजोबा दुसऱ्या खेपेला आलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला दारात उभे राहिले. चौथ्या खेपेला वर्तुळात बसले, पेटीपासून दोन हातांवर, आणि यंत्र त्यांनी आधीच काढून खिशात ठेवले होते. मी खुणेने विचारले, नको का? ते म्हणाले, "इथून येतंय की नुसतंच." मग पेटीवाल्याकडे वळून त्यांनी सांगितले, "पुढच्या शनिवारी भाता जरा हळू मार रे. त्याचाच आवाज फार होतो."

भात्याला तेल घालायला हवे होते, ते आमच्यापैकी कोणाच्याच कानांना कळले नव्हते.